आकडी आणि झडणारे अंग : कुत्र्यांच्या एका दुहेरी दुखण्याची प्रस्तावना

कुत्र्याला आलेली पहिली आकडी घरातले कुणी विसरत नाही. बसल्या जागी कुत्रा कुशीवर कोसळतो, पाय ताठ होतात, मान मागे ओढली जाते आणि मग पाण्यात पोहावे तसे चारही पाय हलू लागतात. दात वाजतात, तोंडाला फेस येतो, लघवी किंवा शी सुटते. बहुधा एक-दोन मिनिटांत सारे आटोपते. त्यानंतर मात्र कितीतरी वेळ, कधी काही तास, तो घरात परक्यासारखा फिरतो, भिंतीला धडकतो, अधाशासारखा खातो, नेहमीच्या माणसाला ओळखत नाही. स्नायू झडण्याचे तसे नसते. रोज डोळ्यांसमोर असलेल्या जनावराच्या अंगावरचे मांस महिना-दोन महिन्यांत उतरते आणि कुणाला त्याचा पत्ता लागत नाही. अंघोळ घालताना केस ओले होऊन अंगाला चिकटतात तेव्हा पाठीच्या कण्याची धार हाताला लागते, किंवा डोक्यावरून हात फिरवताना डोळ्यांच्या वरच्या बाजूला खळगे जाणवतात. पहिले लक्षण गाजावाजा करत येते, दुसरे चोरपावलांनी. म्हणून दवाखान्यात तक्रार नोंदली जाते ती बहुतेक वेळा एकट्या आकडीची.

निदानाची वाट इथेच चुकते. कुत्र्यांमधल्या वारंवार येणाऱ्या आकडीचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अपस्मार. त्यातही ज्याचे मूळ मेंदूच्या तपासणीत दिसत नाही आणि जे बहुधा आनुवंशिक असते असा अपस्मार. ‘इंटरनॅशनल व्हेटरिनरी एपिलेप्सी टास्क फोर्स’ या तज्ज्ञांच्या गटाने २०१५ मध्ये त्याच्या निदानाचे निकष ठरवले. किमान २४ तासांच्या अंतराने आलेल्या दोन किंवा अधिक आकड्या, पहिली आकडी साधारण सहा महिने ते सहा वर्षे या वयात, रक्त-लघवीच्या तपासण्या निर्दोष, आणि दोन आकड्यांच्या मधल्या काळात कुत्रा पूर्णपणे धडधाकट. या शेवटच्या अटीवर सगळी भिस्त आहे. असा अपस्मार असलेला कुत्रा आकडीचा भर ओसरला की पूर्वीसारखा धावतो, खातो, उड्या मारतो. या आजाराने त्याचे स्नायू झडत नाहीत. तेव्हा आकडीच्या जोडीला अंग झडत असेल तर ‘कारण सापडत नाही, अपस्मार असेल’ हे उत्तर पुरेसे राहत नाही. दुसरे लक्षण पहिल्याचा अर्थ बदलून टाकते. दोन्ही एकाच आजारातून आली आहेत का, दोन वेगळे आजार एकाच कुत्र्यात योगायोगाने भेटले आहेत का, की एकावरच्या औषधाने दुसरे उभे केले आहे, हे तीन प्रश्न मग क्रमाने सोडवावे लागतात.

त्याआधी जे पाहिले ती आकडीच होती का, याची खात्री हवी. हृदयाची लय बिघडल्याने येणारी घेरी आकडीसारखीच दिसते. पण घेरी येणारा कुत्रा सहसा धावताना किंवा आनंदाने उसळताना पडतो, अंग ढिले सोडतो आणि काही सेकंदांत उठून शेपटी हलवू लागतो. म्हाताऱ्या कुत्र्याचा अंतर्कर्ण बिघडला की तो मान वाकडी करून गोल-गोल फिरत पडतो, डोळ्यांची बुबुळे सतत एका बाजूला झेपावतात, पण भान सुटलेले नसते. आकडीची खरी ओळख तीन गोष्टींत असते : भान जाणे, लाळ-लघवी आपोआप सुटणे आणि नंतर येणारा गोंधळलेपणा. मोबाइलवर घेतलेले एका मिनिटाचे चित्रण इथे घरच्यांच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा अधिक सांगते, कारण पशुवैद्यासमोर कुत्रा बहुधा शांत उभा असतो.

स्नायू झडण्यालाही प्रकार आहेत आणि कुठले स्नायू झडले यावरून बरेच कळते. अंगभर, दोन्ही बाजूंना सारखे मांस उतरले असेल तर दोष चयापचयात, जुनाट संसर्गात, कर्करोगात किंवा आहारात शोधायचा. रोज दूध-पोळी किंवा दूध-भातावर वाढवलेल्या मोठ्या कुत्र्याला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत, हे साधे कारण आधीच तपासून बाजूला ठेवलेले बरे. एकाच पायाचे किंवा डोक्याच्या एकाच बाजूचे स्नायू गेले असतील तर त्यांना चेतना देणाऱ्या नसेवर संशय येतो. नस तुटली की स्नायू आठवड्या-दोन आठवड्यांत दिसण्याइतका बारीक होतो; नुसत्या न वापरण्याने इतक्या झपाट्याने होत नाही. वजनाच्या काट्यावर मात्र विसंबून चालत नाही. मांस उतरत असताना पोटात चरबी साठत असेल तर आकडा तोच राहतो. त्यामुळे वजनाबरोबर कानशील, खांदे, कणा आणि मांड्या हाताने चाचपून स्नायूंची स्थिती वेगळी नोंदवायची असते : नीट, किंचित कमी, मध्यम कमी, फार कमी.

यानंतर येतो काळाचा क्रम. आधी काय दिसले, आकडी की खळगे? आणि मधे कोणते औषध सुरू झाले? या प्रश्नाला पुरेसा वेळ दिला जात नाही, पण अनेक कोडी याच जागी सुटतात. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड औषधे खाज, ॲलर्जी, सांधेदुखी, मेंदूचा दाह अशा अनेक कारणांसाठी दिली जातात. महिनोन्‌महिने चालली तर ती स्नायूंतली प्रथिने मोडतात, आणि कानशिलाचे स्नायू अगदी आधी बसतात. पोट सुटते, पाणी पिणे वाढते, मागचे पाय दुबळे होतात. अशा कुत्र्यात स्नायूंचा नवा आजार शोधत बसण्याआधी औषधांची जुनी चिठ्ठी वाचली पाहिजे. स्टेरॉइड एकाएकी थांबवणे मात्र धोक्याचे, कारण शरीरात स्वतःचे स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी तोवर झोपी गेलेली असते. मात्रा पायरीपायरीने उतरवावी लागते.

फिनोबार्बिटोन हे आकडीवरचे जुने आणि भरवशाचे औषध आहे. माणसांसाठी ते १९१२ मध्ये बाजारात आले आणि कुत्र्यांमध्ये आजही पहिली निवड बहुधा तेच असते. त्याने भूक वाढते, त्यामुळे कुत्रा सहसा लठ्ठ होतो. ते चालू असताना अंग उतरत असेल तर ती धोक्याची खूण समजावी. अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर या औषधाने तसेही वाढते, त्यावरून घाबरण्याचे कारण नसते; पण अल्ब्युमिन घसरले आणि पित्ताम्ले वाढली, तर यकृत खरोखर बिघडू लागले आहे. पोटॅशियम ब्रोमाइडची गोष्ट आणखी वेगळी. कुत्र्याच्या शरीरातून ते अर्धे बाहेर पडायला सुमारे २४ दिवस लागतात, म्हणून त्याचा पूर्ण परिणाम दिसायला अडीच-तीन महिने जातात. शिवाय त्याचे नाते मिठाशी आहे. आहारातले मीठ वाढले की मूत्रपिंडे ब्रोमाइड अधिक बाहेर टाकतात आणि आवरलेली आकडी परत येते. सणासुदीला पापड, फरसाण, खारे मांस प्रेमाने भरवले गेले आणि त्यानंतर आकड्या उसळल्या, असे झाल्यास औषध निकामी ठरले असे समजण्याची घाई नको.

औषधे बाजूला ठेवली की एकाच मुळातून दोन्ही लक्षणे आणणाऱ्या आजारांकडे वळता येते. त्यांत यकृताचा मान पहिला. काही पिल्लांमध्ये जन्मतःच एक आडवाटेची रक्तवाहिनी असते. आतड्यांतून आलेले रक्त यकृतात न जाता तिच्यातून थेट अंगभर फिरते. यकृताला पोषण मिळत नाही, ते खुजे राहते, प्रथिने बनवत नाही आणि अमोनिया निपटत नाही. असे पिल्लू भावंडांपेक्षा लहान आणि किडकिडीत दिसते. जेवल्यावर, विशेषतः मांस-अंडी खाल्ल्यावर, सुन्न होते, भिंतीला डोके टेकून उभे राहते किंवा त्याला आकडी येते. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, पग अशा लहान जातींत हा दोष अधिक, पण मोठ्या जातीही सुटलेल्या नाहीत. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्तातली पित्ताम्ले मोजली की संशय खरा की खोटा ते बहुतांशी कळते. ही तपासणी साधी आहे, आणि तरुण, बारीक, आकडी येणाऱ्या कुत्र्यात ती चुकवणे अक्षम्य म्हणावे लागेल, कारण या आजारावर उपाय आहे. आहार, लॅक्ट्युलोज आणि शक्य तिथे शस्त्रक्रिया करून अनेक पिल्ले सावरतात.

मध्यमवयीन आणि वयस्क कुत्र्यात स्वादुपिंडाची एक गाठ इन्शुलिनचा अखंड पाझर सुरू ठेवते. रक्तातली साखर ६० मिलिग्रॅमच्या खाली जाते आणि उपाशी असताना किंवा धावल्यावर कुत्रा लटपटतो, पडतो, त्याला आकडी येते. यातच काहींच्या पायांच्या नसा झिजतात आणि स्नायू बारीक होतात. खायला दिले की थोड्याच वेळात तरतरी येते, हे मालकाने सहज सांगितलेले वाक्य इथे फार मोलाचे असते. कुशिंग आजाराची वाट वेगळी. त्यात शरीर स्वतःच जास्त कॉर्टिसॉल बनवते, बहुतेकदा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतल्या छोट्या गाठीमुळे. सुटलेले पोट, बारीक पाय, केस गळणे, सतत तहान हे त्याचे नेहमीचे रूप. ती गाठ वाढून मेंदूवर दाब आणू लागली तर कुत्रा मंदावतो, अन्न टाकतो आणि कधी आकडीही येते. व्यायलेल्या कुत्रीला, विशेषतः घरोघर पामेरियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान कुत्रीला, पिल्ले अंगावर पीत असताना कॅल्शियम घटून येणारे झटके याहून निराळे. ते काही तासांत जिवावर बेततात आणि शिरेतून कॅल्शियम दिल्यावर डोळ्यांदेखत थांबतात. स्नायू झडण्याशी त्यांचा संबंध नाही.

भारतात या विषयाचा मोठा भाग संसर्गाने व्यापलेला आहे, आणि त्यात डिस्टेंपरची जागा सर्वांत वर. हा आजार विषाणूमुळे होतो हे हेन्री कॅरे या फ्रेंच पशुवैद्याने १९०५ मध्ये दाखवले. माणसातला गोवर आणि गुरांतली बुळकांडी यांच्याच कुळातला हा आजार. बुळकांडी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. डिस्टेंपर मात्र गल्लोगल्ली आहे. आधी ताप, डोळ्या-नाकातून चिकट स्राव, खोकला, जुलाब. मग कुत्रा बरा वाटू लागतो, आणि दोन-चार आठवड्यांनी चेतासंस्थेची लक्षणे उमटतात. च्युइंगम चघळावे तसा जबडा हलत येणारी आकडी, आणि एखाद्या पायाचा किंवा कानशिलाचा घड्याळासारखा ठेक्यात बसणारा झटका, जो कुत्रा झोपला तरी थांबत नाही. पाठीच्या रज्जूतल्या पेशी जळाल्या तर त्यांच्या ताब्यातले स्नायू झडतात. ताप आणि उपासाने उतरलेले अंग आणखी वाळते. तळपायांची व नाकाची कातडी जाड होणे, आणि लहानपणी आजार होऊन गेलेल्या कुत्र्याच्या दातांवरचे खड्डेदार चकाकी नसलेले पट्टे, या मागे राहिलेल्या खुणा असतात. विषाणूवर औषध नाही. लस मात्र उत्तम आहे : सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. एकाच टोचणीवर थांबलेले पिल्लू संरक्षित धरता येत नाही, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे ती लस निष्प्रभ करू शकतात.

गोचिडांतून येणारे आजार हळू चालतात. एर्लिकिया कॅनिस हा जंतू १९३५ मध्ये अल्जीरियात प्रथम वर्णिला गेला. आपल्याकडच्या तपकिरी गोचिडीतून तो सर्रास पसरतो. जुनाट अवस्थेत कुत्रा खंगतो, नाकातून रक्त येते, रक्तातल्या प्लेटलेट घटतात. मेंदूच्या आवरणाचा दाह किंवा मेंदूत रक्तस्राव झाला तर आकडी येते. हेपॅटोझून कॅनिस हा गोचिडांतूनच येणारा दुसरा परजीवी १९०५ मध्ये भारतातच प्रथम नोंदला गेला. त्याची लागण गोचीड चावून नव्हे, तर अंग चाटताना ती गिळली गेल्याने होते. सर्रा हा गोचिडांतून नव्हे तर गोमाशांतून पसरणारा, त्याहून कमी आठवला जाणारा आजार. त्याचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात पाहिला. गुरांच्या गोठ्याजवळ, गोमाशांच्या संगतीत राहणाऱ्या कुत्र्याला येणारा-जाणारा ताप, डोळ्यांवर निळसर सारा, चेहऱ्यावर सूज, झपाट्याने वाळणे आणि शेवटी झटके असे असेल, तर रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पाहण्याने निदान होऊ शकते.

निओस्पोरा कॅनिनम हा परजीवी तर या दुहेरी लक्षणाचे जवळजवळ आदर्श उदाहरण. नॉर्वेतल्या काही पिल्लांत तो १९८४ मध्ये दिसला आणि मूळचे भारतीय असलेले, अमेरिकेत काम करणारे परजीवीशास्त्रज्ञ जे. पी. दुबे यांनी सहकाऱ्यांसह १९८८ मध्ये त्याला नाव दिले. तो मेंदूत आणि स्नायूंत एकाच वेळी घर करतो. पिल्लांचे मागचे पाय ताठ होऊन सरळ राहतात, मांड्यांचे स्नायू आकसतात. मोठ्या कुत्र्यांत तोल जाणे, आकडी आणि स्नायूंचा दाह दिसतो. कच्चे मांस किंवा गाभडलेल्या गाईची वार खाल्ल्याने कुत्र्याला तो होतो, आणि कुत्र्याच्या विष्ठेतून तो पुन्हा गोठ्यात जाऊन गाई गाभडवतो. लवकर ओळखला तर क्लिंडामायसिनने फरक पडतो. पाय ताठरून बसल्यावर फारसा नाही.

रेबीजचा विचार या सगळ्यांच्या आधी करायचा असतो. लस न टोचलेला किंवा अलीकडे चावा बसलेला कुत्रा एकाएकी बदलला, त्याला झटके आले, जबडा लोंबला, गिळता येईना, तर ‘घशात हाड अडकले असेल’ म्हणून तोंडात हात घालणे जीवघेणे ठरू शकते. पिसाळलेला कुत्रा लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा दहा दिवसांच्या आत मरतो. म्हणजे महिनोन्‌महिने आकड्या येत असलेला आणि सावकाश रोडावणारा कुत्रा रेबीजचा नसतो. आकडी आली म्हणजे कुत्रा पिसाळला, या भीतीने कितीतरी कुत्री हाकलली आणि मारली गेली आहेत, त्यामुळे ही बाजूही स्पष्ट सांगायला हवी. शंका असताना लाळ जखमेला लागली तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मेंदूतल्या गाठी सहा-सात वर्षांनंतर पहिल्यांदाच आकडी येणाऱ्या कुत्र्यात डोळ्यांपुढे असाव्यात. डोक्याच्या एकाच बाजूचे कानशील बसले असेल आणि आकडीही येत असेल, तर जबड्याच्या स्नायूंना चेतना देणाऱ्या त्रिशाखी नसेवरच्या गाठीचा संशय घ्यावा लागतो. ती नसेच्या वाटेने मेंदूपर्यंत जाते. दोन्ही बाजूंची कानशिले बसली असतील आणि तोंड उघडत नसेल, तर चित्र पालटते. जबड्याच्या स्नायूंमध्ये २एम नावाचे खास तंतू असतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती फक्त त्यांच्यावरच उलटू शकते. या आजाराने आकडी येत नाही, म्हणजे इथे दोन दुखणी वेगळी धरावी लागतात. त्यावर उपचार स्टेरॉइडचा, आणि स्टेरॉइडने तेच स्नायू आणखी झडतात. आजार चालू आहे की औषध खात आहे, हे ठरवायला त्या तंतूंविरुद्धची प्रतिपिंडे उपचाराआधीच मोजून ठेवणे किंवा स्नायूचा तुकडा तपासणे हाच मार्ग उरतो. जर्मन शेफर्डमध्ये उतारवयात मागचे पाय घासत चालणे आणि मांड्या वाळणे हे बहुधा रज्जूच्या ऱ्हासामुळे होते. त्यामागचा एसओडी१ या जनुकातला दोष २००९ मध्ये सापडला, आणि माणसातल्या एएलएस या चेतापेशी झिजवणाऱ्या आजाराच्या काही रुग्णांतही हेच जनुक बिघडलेले असते. तो आजारही आकडी आणत नाही.

विषबाधेने येणारे झटके तासा-दोन तासांत उभे राहतात, स्नायू झडायला वेळच मिळत नाही. म्हणून या विषयात त्यांची जागा थोडी. एवढे खरे की कुचल्याच्या विषाने ताठरलेल्या कुत्र्याचे भान शाबूत असते आणि टाळी वाजली तरी तो पुन्हा ताठतो. शिशासारखे हळू साठणारे विष मात्र खंगणे आणि आकडी दोन्ही आणू शकते. जुना रंग खरवडणे किंवा बॅटऱ्यांचे काम घरात होते का, हे विचारावे.

तपासण्यांचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो. रक्तपेशी, काचपट्टी, साखर, कॅल्शियम, यकृत-मूत्रपिंडाची मोजणी, लघवी. मग पित्ताम्ले, क्रिएटिन कायनेज (स्नायूंची मोडतोड दाखवणारे विकर), गोचीडजन्य आजार, डिस्टेंपर व निओस्पोरा यांच्या चाचण्या. छाती-पोटाची क्ष-किरण व सोनोग्राफी. आणि त्यानंतर एमआरआय, मेंदूभोवतीच्या पाण्याची तपासणी, नसांची विद्युत-तपासणी, स्नायूचा तुकडा. महाराष्ट्रात पहिला टप्पा तालुक्याच्या गावीही पार पडू शकतो. पुढच्या टप्प्यांसाठी मोठी शहरे किंवा १८८६ पासून चालत आलेल्या परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्था गाठाव्या लागतात. खर्च सर्वांना झेपत नाही. तेव्हा पहिला टप्पा पूर्ण आणि नीट करणे हे अर्ध्यामुर्ध्या एमआरआयपेक्षा पुष्कळ हिताचे.

निदान होईपर्यंत आकडी सांभाळावी लागते. कुत्र्याला जिन्यापासून, फर्निचरपासून दूर ठेवावे, दिवे आणि आवाज कमी करावेत. तोंडात पाणी, चमचा किंवा हात घालू नये; कांदा-चप्पल हुंगवल्याने आकडी थांबत नाही, आपोआप थांबायची तीच थांबते. पाच मिनिटांहून लांबलेली किंवा २४ तासांत दोनदा-तीनदा आलेली आकडी म्हणजे आणीबाणी. पशुवैद्याने आधी लिहून दिलेले डायझेपाम गुदद्वारातून देऊन त्याच क्षणी निघावे. लांबलेल्या आकडीत ताप १०५ अंश फॅरनहाइटच्या वर जातो आणि मेंदूच्या पेशी त्यानेही मरतात. तारीख, वेळ, किती मिनिटे, आधी काय खाल्ले, नंतर किती वेळ गोंधळ, ही वही आणि महिन्यातून एकदा त्याच कोनातून काढलेले डोक्याचे व मांड्यांचे फोटो पुढच्या प्रत्येक डॉक्टरला उपयोगी पडतात.

एवढे करूनही काही कुत्र्यांत उत्तर मिळत नाही, आणि कुत्रा जातो किंवा त्याला शांतपणे निरोप द्यावा लागतो. त्या क्षणी शवविच्छेदनाचा विषय काढणे कठीण असते, म्हणून तो आधीच बोलून ठेवलेला बरा. त्याच वेतातली पिल्ले, घरातला दुसरा कुत्रा, निओस्पोरा असेल तर गोठ्यातल्या गाई, या सगळ्यांसाठी त्याचे उत्तर लागते. मेंदू, पाठीचा रज्जू, कानशिलाचा आणि मांडीचा स्नायू, यकृत यांचे तुकडे १० टक्के फॉर्मलिनमध्ये जातात. रेबीजची शंका असेल तर मेंदूचा एक भाग फॉर्मलिनमध्ये न टाकता बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.